गाडी पुढे, ट्रक मागे

“एकवीस,” काटा वॉकीटॉकीवर म्हणाला.

“एकवीस,” मागच्या ट्रकमधून उस्तादने तोच आकडा परत म्हटला.

परत म्हणायची ही त्यांच्या कामाची रीत. पुढच्या गाडीतल्याने बॅटरीचा आकडा सांगायचा, मागच्याने तो उच्चारायचा, म्हणजे ऐकू आलं हे कळतं. बाकी गप्पा नाहीत. उस्तादला खरं तर गप्पांची फार हौस, पण काट्यासमोर ती वाया जायची. काटा दिवसाकाठी जेवढं बोले त्यातलं निम्मं टक्क्यांमध्ये असे.

गाडी लाल होती, बुटकी आणि महागडी. बसताना वाकावं लागे, उतरताना कण्हावं लागे. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शंभरचा वेग घेते अशी तिची ख्याती, आणि एकदा चार्ज केली की सहाशे किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा. हे सहाशे खरे किती, ते बघणं हे काट्याचं काम. कंपन्या आपला आकडा बंद खोलीत काढतात. तिथे चाकं जागच्या जागी रोलरवर फिरतात, वारा नसतो, चढ नसतो, पुढे रेंगाळणारा टेम्पो नसतो. काटा ज्या चाचणी संस्थेत होता तिची पद्धत सरळ होती. गाडी पूर्ण भरायची, एसी लावायचा, हमरस्त्याला लागायचं, इतर लोक चालवतात त्या वेगाने चालवायची आणि ती आपणहून थांबेपर्यंत थांबायचं नाही. थांबली की जो आकडा येईल तो खरा. बहुतेक वेळा सहाशेचे साडेचारशे होत. मग कंपनीचे लोक संस्थेला फोन करून तुमचा ड्रायव्हर नीट चालवत नाही असं सांगत. संस्था हसून फोन ठेवत असे, कारण काट्यासारखं नीट चालवणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्याचं ते नावही जुन्या गाड्यांच्या काळातलं. त्याने वेग धरला की मीटरचा काटा जागचा हलत नसे.

आता मेलेली गाडी रस्त्यात सोडून येता येत नाही. म्हणून मागे टोइंगचा ट्रक. तो उस्तादचा. गाडी पुढे, ट्रक मागे, हा नियम. ट्रकने कधी पुढे जायचं नाही, कारण गाडी कुठे मान टाकेल ते कुणालाच माहीत नसतं. गाडी थांबली की उस्ताद पिवळे दिवे लावून उतरणार, साखळी अडकवणार, गाडी पाठीवर घेणार आणि मग काटा ट्रकच्या केबिनमध्ये येऊन बसणार. त्याआधी नाही. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. गाडी जिवंत असताना काटा ट्रकमध्ये बसला असं एकदाही घडलं नव्हतं, आणि बसावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

“वीस,” काटा म्हणाला.

“वीस,” उस्ताद म्हणाला. “भूक लागली.”

त्याच वेळी गाडीत फोन वाजला. या गाडीत फोन वाजे तोही थाटात, चहूबाजूंनी. भाचीचा होता.

“मामा, कुठायस तू?”

“कामावर. का गं?”

“आईला आज घेतायत.”

“आज? परवा होतं ना?”

“सकाळपासून श्वास लागलाय तिला. डॉक्टर म्हणाले आता थांबून चालणार नाही. चारला आत नेणार. तू निघ.”

“तिला दे फोन.”

“काय देऊ? नुसती घरघर ऐकू येते फोनवर. मला समोर बसून कळत नाही, तोंडाशी कान न्यावा लागतो. तू ये, मामा. ती सारखी दाराकडे बघतेय.”

काट्याने येतो म्हटलं. फोन बंद झाला तेव्हा दोन वाजायला आले होते.

ताई त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली आणि वडील असून नसल्यासारखे, त्यामुळे त्याला तिनेच वाढवलं होतं. ती बसस्थानकावर निवेदिका होती. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली हे लाउडस्पीकरवरून सांगणारा तो आवाज. पण ती नुसतं तेवढं सांगून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. निळ्या पिशवीवाल्या काकू, तुमची बस ती नव्हे, उतरा, असंही ती माइकवरून सांगायची. सगळं गाव तिला आवाजाने ओळखे, चेहऱ्याने फारसं कुणी नाही. घरी आली की उरलेलं बोलणं भावाशी. तो ऐकायचा. “आमचा मौनीबाबा,” ती म्हणायची, “याच्या वाट्याचं मलाच बोलावं लागतं.” तिचं लग्न झालं, याचं झालं, ती निवृत्त झाली, नवरा गेला, तरी ही वाटणी तशीच राहिली होती.

आणि आता तिच्याच घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ताईने ते ऐकून घेतलं आणि त्याच दिवशी भावाला कुजबुजत बजावलं होतं, “आदल्या रात्री तू बसायचंस माझ्याजवळ. एकट्याने. मला बोलायचंय तुझ्याशी, मग करा काय करायचं ते.” काय बोलायचं होतं ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. त्याने उद्यापासून रजा टाकली होती. उद्याची रात्र तिची होती. ती रात्रच आता उरली नव्हती. उरले होते जेमतेम दोन तास.

“उस्ताद,” काटा वॉकीटॉकीवर म्हणाला, “टेस्ट थांबवतोय.”

“का रे? काय झालं?”

“ताईचं ऑपरेशन आजच आहे. चारला. शहरात जायचंय.”

“बरं,” उस्ताद म्हणाला, “चल तू. मी आहे मागे.”

पुढच्या पुलाखालून दोघे वळले. गाडी पुढे, ट्रक मागे.

हॉस्पिटल शंभर-एक किलोमीटरवर होतं. गाडीच्या पडद्यावर आकडा होता शहात्तर. तो आकडा काट्याला घाबरवत नव्हता, असले आकडे खोटे पाडण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पडदा आतापर्यंतच्या वेगावरून बोलतो. वेग उतरवला, एसी बंद केला, पाय हलका ठेवला, तर याच बॅटरीत गाडी शंभरच्या वर जाईल. पंचावन्नच्या पुढे मात्र वेग जाता कामा नये. त्याने मनात मांडून बघितलं. पोचायला चार वाजणारच, कदाचित थोडे वर. वाटेत कुठे दहा मिनिटं चार्जिंग मिळालं तर उरलेला रस्ता भरधाव मारता येईल, मग साडेतीनलाच पोचू. फोनवरच्या नकाशात वाटेवर दोन चार्जर हिरवे दिसत होते. हिरवा म्हणजे चालू आणि रिकामा.

पहिला एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात होता. छत, पाटी, फुलझाडांच्या कुंड्या, सगळं व्यवस्थित. पडद्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ असं लिहिलेलं. काट्याने थोडा वेळ प्रतीक्षा केली. पंपावरचा माणूस लांबून म्हणाला, “ते बंदंय, साहेब.”

“नकाशात चालू दाखवतंय.”

“नकाशात असेल. इथे उद्घाटनाच्या दिवशी चालू होतं.”

काटा परत गाडीत वाकून बसला. तो रागावला नाही. चार्जर बंद असणं हे त्याच्या हिशेबात एरवीही असे. रस्त्यावर जेवढे हिरवे ठिपके असतात त्यातले निम्मेच खरे धरायचे, हे त्याने स्वतःच संस्थेतल्या नव्या लोकांना शिकवलं होतं.

दुसरा चार्जर एका हॉटेलच्या आवारात. चार्जिंगच्या दोन नळ्या होत्या. एकीचं तोंड तुटलेलं, दुसरी एका पांढऱ्या गाडीला लावलेली, आणि तिचा मालक आत जेवत बसलेला. उस्ताद ट्रकमधून उतरून थेट आत गेला आणि त्याला हात धुवायला लावूनच बाहेर घेऊन आला. माणूस सज्जन होता. कारण कळल्यावर त्याने ताबडतोब आपली गाडी बाजूला घेतली.

काट्याने नळी लावली. चार्जरने विचार केला आणि नाही म्हटलं. पुन्हा लावली. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला त्यांचं जमलं आणि आकडे पळू लागले, पण पळू लागले म्हणजे रांगू लागले. या गाडीला जसला जबरदस्त चार्जर लागतो तसला हा नव्हता. साध्या घरगुती गाड्यांसाठी बसवलेला जुना चार्जर तो. लाल गाडी त्याच्यापुढे म्हणजे हत्तीला चमच्याने पाणी पाजण्यातला प्रकार.

“ही पळते किती हो जास्तीत जास्त?” पांढऱ्या गाडीच्या मालकाने विचारलं. त्याला राहवलं नाही.

“अडीचशेच्या वर,” काटा म्हणाला.

“बाप रे. मग तुम्ही पोचालच की.”

काटा पडद्याकडे बघत होता. अर्धा टक्का वाढला होता. पुरेसं चार्जिंग व्हायला इथे तास लागला असता. तेवढा वेळ थांबण्यापेक्षा सावकाश गेलेलं लवकर पोचवेल. बहिणीच्या तोंडून बसच्या वेळा ऐकत वाढलेल्या माणसाला एवढी बेरीज-वजाबाकी सहज येते. त्याने ती केली आणि ती चोख होती.

शेजारी ट्रक उभा होता. इंजिन चालूच होतं. टाकी उस्तादने सकाळीच काठोकाठ भरून घेतली होती, पाठीवर काही ओझं नव्हतं, आणि हमरस्त्यावर ऐंशी-पंच्याऐंशीने तो आरामात पळे. तिथून ट्रकने गेलं असतं तर चाराच्या आत हॉस्पिटलच्या दारात. वाचणाऱ्याच्या हे कधीच लक्षात आलं असेल. त्या दोघांच्या आलं नाही. दोघेही काही बिनडोक नव्हते. पण एकाच्या डोक्यात गाडी कशी पोचवायची एवढंच होतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात पुढच्याला अंतर द्यायचं नाही एवढंच. गाडी अजून जिवंत होती. जिवंत गाडी सोडून ट्रकमध्ये बसायचं नसतं.

काट्याने नळी काढून जागेवर अडकवली.

“चल,” तो म्हणाला.

“चल, मी आहे मागे,” उस्ताद म्हणाला.

मग तो प्रवास सुरू झाला, ज्याचं नंतर संस्थेत कुणाला नीट वर्णन करता आलं नाही. अगदी डावीकडची बाजू धरून ती लाल गाडी पंचावन्नने चालली होती. एसी बंद. काच खाली केली तर आत शिरणारा वारा गाडीला अडवतो, म्हणून काचाही बंद. काट्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बसेस पुढे जात होत्या. टेम्पो पुढे जात होते. एका स्कूटरवर नवरा-बायको आणि मध्ये गॅसची शेगडी असा संसार चालला होता, तोही पुढे गेला. जाताना त्या बाईने मान वळवून गाडीकडे आणि मग काट्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की कुणालाही ओशाळं वाटावं. काट्याला वाटलं नाही. त्याचं लक्ष पायाच्या अंगठ्यात होतं.

एका गाडीतली पोरं बराच वेळ शेजारून चालली. एकाने काच खाली करून ओरडून विचारलं, “काका, दुसरा गिअर सापडत नाही का?” आणि सगळी हसत पुढे निघून गेली.

“दात पाडू का यांचे?” वॉकीटॉकीवर उस्ताद म्हणाला.

“बारा,” काटा म्हणाला.

“बारा.” थोड्या वेळाने उस्तादला राहवलं नाही. “तुला सांगू? तुझी बहीण मला ओळखायची नाही, पण मी तिला ओळखतो. ट्रकच्या आधी मी बस चालवायचो ना. तुमच्या स्थानकात यायचो. एकदा मी चहा प्यायला थांबलो जरा, तर वरून आवाज. ‘तीन नंबरच्या फलाटावरील बसचे चालक चहा संपवून येतीलच, तोपर्यंत प्रवाशांनी त्यांच्यावर राग धरू नये.’ सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघायला लागलं. तसाच उठलो, कपसुद्धा हातातच.”

काटा हसला. वॉकीटॉकीचं बटण दाबलेलं नव्हतं, त्यामुळे उस्तादला ते कळलं नाही.

पुढे एक लांब चढ लागला. चढावर चार टक्के गेले. काट्याला रडू येईल असं वाटलं. पन्नाशी उलटलेला माणूस, उभ्या आयुष्यात गाडी चालवताना त्याला असं कधी वाटलं नव्हतं. गाडी त्याच्यासाठी नेहमी कुणाची तरी असे, आकडा कुणाचा तरी असे. आज पहिल्यांदाच त्याला स्वतःला कुठेतरी पोचायचं होतं. पायाखाली एवढी ताकद होती की मनात आणलं तर पुढची प्रत्येक गाडी मागे टाकली असती, आणि तसं केलं असतं तर तो अर्ध्या वाटेत संपला असता. उतारावर गाडीने एक टक्का परत दिला. त्याने तो उस्तादला कळवला.

“वाढला?” उस्तादने खात्री करून घेतली.

“वाढला.”

चाराला थोडी मिनिटं असताना भाचीचा फोन आला.

“मामा, कुठवर आलास?”

“आलो. वीसेक किलोमीटर राहिलं.”

“अजून वीस? मी डॉक्टरांना म्हटलंय थोडं थांबा. थांबलेत. पण फार नाही थांबणार रे.” मग मागे कसलीशी हालचाल झाली. “थांब, आई काहीतरी म्हणतेय तुला. फोन धरते तिच्याजवळ.”

त्या गाडीत म्हणे वीस स्पीकर होते. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो अशी कंपनीची जाहिरात. काट्याने आवाज पूर्ण वाढवला. पुढून, मागून, दारांतून, डोक्यामागून घरघर आली. आत शब्द होते, हे कळत होतं. कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा ती ढब तिचीच होती. पण शब्द कळत नव्हते. तो पुढे वाकला, जणू जवळ गेल्याने कळेल. मग घरघर थांबली आणि भाची फोनवर आली.

“कळलं?”

“नाही. काय म्हणाली?”

“सावकाश ये म्हणते. घाई करू नको, गाडी नीट चालव म्हणते. पुढचं मलाही नाही कळलं. नर्स आली मध्येच.”

“बरं,” काटा म्हणाला.

शहरात शिरले तेव्हा पडद्यावर दोन टक्के होते. मग एक. मोठ्या चौकाच्या सिग्नलला शून्य झालं. शून्य झालं म्हणून गाडी लगेच थांबत नाही, खाली थोडं लपवून ठेवलेलं असतं, आणि कुठल्या कंपनीची गाडी किती लपवते हे काट्याला तोंडपाठ होतं. तो शून्यावर पुढे चालत राहिला. पडदा लाल झाला, गाडीने घंटा वाजवली, वेग आपणहून कमी केला. हॉस्पिटलच्या फाटकातून ती माणसाच्या चालीने आत शिरली आणि तिथेच तिने मान टाकली. त्या गाडीने एवढ्याशा विजेत एवढं अंतर कधी कापलं नव्हतं, आणि पुढे कुणाच्या हातून कापलंही नाही. काट्याचा हिशेब शेवटच्या मीटरपर्यंत बरोबर निघाला होता.

“इथे लावायची नाही,” सुरक्षारक्षक म्हणाला.

“तू जा,” मागून उतरत उस्ताद म्हणाला. “मी बघतो.”

काटा जिन्याने धावत गेला. वरच्या मजल्यावर लोखंडी बाकावर भाची बसली होती, शेजारी ताईची चप्पल आणि चष्मा. त्याला पाहून ती उठली आणि तिने आडवी मान हलवली.

“कधी नेलं?”

“आत्ताच. पंधरा-वीस मिनिटं झाली. शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती.”

काटा बाकावर बसला. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते. भाचीने त्याला पाणी दिलं. ती मोठी समजूतदार मुलगी, बोलण्यात आईवर गेलेली, पण त्या दिवशी तिचंही बोलणं आटलं होतं.

“ट्रॅफिक लागलं का रे?” तिने सहज विचारलं.

“नाही. गाडीत चार्ज नव्हता. हळू यावं लागलं.”

तेवढ्यात उस्ताद जिना चढून आला. गाडी ट्रकवर चढवून, ट्रक रस्त्याकडेला लावून, हात पुसत आला होता. भाचीने त्याला बसायला जागा दिली आणि मामाकडे पाहिलं.

“हे उस्ताद,” काटा म्हणाला. “माझ्या मागे असतात नेहमी. ट्रक घेऊन.”

“आजपण मागूनच आलात?”

“हो, पहिल्यापासून,” उस्ताद म्हणाला. “एक मिनिट सोडलं नाही याला.”

“तुमच्या ट्रकलापण चार्जिंग लागतं?”

“छे हो. डिझेलवर आहे तो.”

“मग...” भाची म्हणाली आणि थांबली. तिने एकदा मामाकडे आणि एकदा उस्तादकडे पाहिलं. मग ती ताईचा चष्मा उचलून पदराने पुसायला लागली.

उस्ताद अजून उभाच होता. तो हळूहळू खाली बसला, बाकावर नव्हे, भिंतीला टेकून जमिनीवर. “टाकी भरलेली आहे,” तो कुणालाच उद्देशून म्हणाला. “सकाळीच भरली.” मग त्याने काट्याला विचारलं, “मी का नाही म्हटलं तुला? नुसतं ये बस म्हणायचं होतं.”

“मी तरी कुठे म्हटलं,” काटा म्हणाला.

त्याला उस्तादचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि इतका आला की तो उठून जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिला. पंचावन्नचा वेग, हलका पाय, बंद काचा, उतारावरचा तो एक टक्का, हे सगळं त्याने किती निगुतीने केलं होतं. त्यातला प्रत्येक क्षण बरोबर होता. त्याने भिंतीवर डोकं टेकवलं. खाली कुणीतरी औषधाच्या दुकानाचा रस्ता विचारत होतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टरांनी रात्री सांगितलं. संस्थेने ती चाचणी बाद केली आणि लाल गाडी दुसऱ्याला चालवायला दिली. काट्याने रजा वाढवून घेतली.

ताईला खोलीत आणल्यावर त्याला तिच्याजवळ बसता आलं. तिच्या गळ्यात पुढे एक छिद्र होतं, त्यात नळी, भोवती पांढरी पट्टी. तिच्या उशीशी पाटी आणि पेन ठेवलेलं होतं. पाटीला तिने हात लावला नव्हता. भाची म्हणाली की तिने पाटीकडे अशा नजरेने पाहिलं की ती उचलूनच ठेवावी असं वाटलं. काटा खुर्ची ओढून बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नेहमी या वेळी ती सुरुवात करायची. आता तिने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि हाताचा पंजा तोंडासमोर उघडझाप केला. बोल.

काट्याने पाणी हवं का विचारलं. तिने मान हलवली आणि पंजा पुन्हा उघडझाप केला.

“वीस टक्के होते तेव्हा फोन आला,” काटा म्हणाला.

मग तो बोलत राहिला. त्याला येत होतं तेवढंच, पण थांबला नाही. पेट्रोल पंपावरचा चार्जर, उद्घाटनाच्या दिवशी चालू असलेला. पांढऱ्या गाडीचा मालक, धुतलेल्या हातांनी उभा. स्कूटरवरची शेगडी. दुसरा गिअर विचारणारी पोरं. तीन नंबरच्या फलाटावरचे चालक हेच ते उस्ताद, असं सांगितलं तेव्हा तिने भुवया उंचावल्या आणि दाराकडे पाहिलं. दारात उस्ताद उभा होता, त्याने घाईघाईने नमस्कार केला. काटा पुढे सांगत गेला. फोनवर तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही, हेही त्याने सांगितलं. तिने डोळे मिटून उघडले. मग सांगता सांगता तो हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आला आणि थांबला. ती वाट बघत राहिली.

“ताई, मागे उस्तादचा ट्रक होता,” तो म्हणाला. “डिझेलवरचा. टाकी फुल्ल. पूर्ण वेळ मागेच होता. आम्हाला दोघांनाही सुचलं नाही.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग सुई टोचलेला हात तिने सावकाश वर नेला, आणि कपाळावर मारून घेतला. तिचे खांदे हलायला लागले. भाची घाबरून पुढे आली, पण घाबरण्यासारखं नव्हतं, ती हसत होती. अंग गदगदत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड पूर्ण उघडं होतं. खोलीत आवाज नव्हता.

काटा क्षणभर थांबला, तिच्या हसण्याचा आवाज यायचाच आहे अशा अपेक्षेने. मग खुर्चीवरून उठून त्याने तिच्या तोंडाशी कान नेला. तिथे श्वाससुद्धा जाणवत नव्हता, तो आता खालून, नळीतून येत-जात होता. ताईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो तसाच वाकून राहिला.